पाव मैल सारवण

शरच्चंद्र मुळे पहिल्यांदा आमच्या ओसरीवर आले तेव्हा मी आतल्या दारात गहू पाखडत बसले होते. बूट न काढता ते पायरी चढले आणि तेव्हाच माझ्या मनातून उतरले. श्रावण चालू होता, साल छप्पन्न. बाहेर चिखल केवढा, आणि हा माणूस तो सगळा घेऊन सरळ माझ्या सारवलेल्या ओसरीवर.

मुळे म्हणजे मध्यभारत सरकारच्या क्रीडा समितीचे सचिव. आमचे हे, दत्तात्रय, उज्जैनच्या माधवनगरातल्या शाळेत ड्रिल मास्तर, त्यामुळे त्यांना घेऊन आले होते. पण बोलायचं होतं ते भय्यासाहेबांशी. भय्यासाहेब माझे सासरे. शिंदे सरकारच्या पागेत तीस वर्षं घोडे सांभाळले, राज गेलं तसे घरी येऊन बसले. घरात सगळेच त्यांना भय्यासाहेब म्हणतात, मीसुद्धा.

"येत्या मार्गशीर्षात अखिल भारतीय विद्यार्थी क्रीडास्पर्धा आपल्या उज्जैनला घ्यायचं ठरतंय," मुळे म्हणाले. "सगळ्या प्रांतांतली मुलं येतील. मुलीपण. पण पाव मैलाचा ट्रॅक शाळेच्या मैदानात बसत नाही. तुमचं रान शाळेच्या भिंतीला लागून आहे. सपाट आहे. या एका हंगामापुरतं द्या."

माझं सूप हातातच थांबलं. त्या रानात आमचा वर्षाचा गहू होतो. आठ बिघे काळी जमीन, विहीर नाही. चौमासाभर वखर घालून आत ओल धरून ठेवायची, दसरा झाला की त्या ओलीवर पेरायचं. आम्ही चौघं आणि आमचा गडी नाथू, त्याची बायको केसर, त्यांची पोरं, सगळे त्याच गव्हावर. माझ्या कोठीतला गहू जेमतेम होळीपर्यंत पुरणार होता.

"आणि आम्ही खायचं काय?" मी आतून म्हटलं. आतून म्हणजे दारात उभी राहूनच, पण डोक्यावर पदर होता.

भय्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी जयूकडे पाहिलं. जयू माझी नणंद, सतराची, अकरावीत. ती खांबाला टेकून उभी होती आणि तिचा श्वास चालू आहे की नाही कळत नव्हतं. शाळेत मुलांनासुद्धा ती मागं टाकायची. ह्यांनीच तिला शिकवलेलं.

"जयू पळेल का त्यात?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"पळेल की. यजमान प्रांताची म्हणून पहिलं नाव तिचंच," मुळे म्हणाले.

"मग सुपारी आणा," भय्यासाहेब म्हणाले.

मुळ्यांना कळलं नाही. ह्यांनी समजावलं. आमच्याकडे रान कुणाला वापरायला द्यायचं तर कागद नसतो. मागणाऱ्यानं त्या रानाची मूठभर माती पानावर ठेवायची, वर सुपारी ठेवायची. मालक ती सुपारी देवघरात ठेवतो. ज्या कामासाठी रान दिलं ते झालं की शब्द सुटला. नाहीतर मागणाऱ्यानं स्वतः येऊन हातोहात सुपारी परत न्यायची. तोवर त्या जमिनीत वखर जात नाही. मुळे हसले, पण आणली बिचाऱ्यांनी. देवास गेटवरून सायकलवर जाऊन घेऊन आले. या वेळी बूट काढून आत आले, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते.

भादव्यात पावसानं उघडीप दिली की आजूबाजूच्या रानांतून वखर फिरायचे. आमच्या रानात मात्र दगडी रूळ. नाथूनं बैल जुंपले पण त्याचं तोंड बघवत नव्हतं. "बाईसाब, जिंदगीभर इस जमीन को पोला किया," तो म्हणायचा, "अब कूट रिया हूँ." मधोमध खुंटी ठोकून, दोरी धरून हे वळणं आखायचे. जयू चुन्याची टोपली घेऊन मागं. मी बांधावरून भाकरी घेऊन जायची आणि दोघांना वाढताना एक अक्षर बोलायची नाही. न बोलण्याचासुद्धा आवाज होतो म्हणतात हे.

मग मुळ्यांचं पत्र आलं, की ट्रॅकवर कोळशाची राख पसरावी, लोको शेडमधून मिळेल, मोठ्या शहरांत तसंच करतात. भय्यासाहेबांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं.

"इंजिनाची राख माझ्या जमिनीत जाणार नाही," ते म्हणाले. "स्पर्धा आठ दिवसांची. जमीन नंतरही आहे."

"मग वरचा थर धरायचा कसा?" हे म्हणाले. "काळी माती. पोरी पळाल्या की भेगा, ढेकळं, पाय मुरगळतील."

"अंगणात काय करतात?" भय्यासाहेब म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मला आधी वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. पाव मैल, म्हणजे चारशेचाळीस यार्ड, पाच पोरी शेजारी शेजारी पळतील एवढा रुंद, आणि तो सारवायचा. शेणानं.

नवरात्र बसायच्या आधी सुरुवात केली. मी, जयू आणि केसर. अर्ध्या माधवनगरातलं शेण नाथू गाडीनं आणायचा, नदीकाठची पिवळी माती वेगळी. कोंडा घालून तुडवायचं, मग उकिडवं बसून हातानं ओढत मागं मागं सरकायचं. पहिल्या चार दिवसांत माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. तळहाताची सालं निघाली, जेवताना मीठ झोंबायचं. ऊन पडलं की सारवण तडकायचं, तिथं पुन्हा दुसरा हात. जयू सगळ्यांत भरभर ओढायची. मी म्हटलं, "जयू, हे पळण्याचं नाही, हळू घे, कड सुटते." ती हसली आणि तिनं कड सुधारली. मी त्या स्पर्धेला मनातून रोज शिव्या घालत होते, पण सारवण वाईट कसं काढणार? हाताला सवयच नाही तशी.

अठरा दिवस लागले. झालं त्या दिवशी मी बांधावर उभी राहिले आणि बघितलं. काळ्या रानात पिवळं गोल वळण, वर हाताच्या फेऱ्यांची नक्षी. छानच दिसत होतं, खोटं का सांगू.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मुळे तीन साहेबांना घेऊन पाहणीला आले. आम्ही दुसऱ्या वळणावर तडे बुजवत होतो. कोपरापर्यंत शेण, केसांना शेण. एक साहेब बुटानं दाबून बघत म्हणाले, "वाह, मास्टरसाब, बहुत बढ़िया. किससे करवाया?"

माझा नवरा माझ्यापासून चार हातांवर उभा होता.

"मज़दूर लगाए थे साब," हे म्हणाले.

केसरनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून तडा बुजवला. साहेब गेले, पाण्याची घागर रिकामी झाली, मी घरी आले, पोळ्या केल्या, वाढलं. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "अगं, चार लोकांत कसं सांगू, घरच्या बाया शेणात..." मी म्हटलं, "आमटी वाढू का?" त्या दिवसापासून बरेच दिवस मी ह्यांच्याशी आमटीपुरतंच बोलले.

जयू रोज पहाटे पळायची. ह्यांच्या जुन्या खाकी पँटीचं कापड उसवून तिनं सलवार शिवली होती. भय्यासाहेब पागेतलं जुनं घड्याळ घेऊन बांधावर बसायचे. इथं जिंकली की पुढं दिल्लीला जाणार म्हणून बाजारात लोक तिला दिल्लीवाली म्हणायला लागले. ती ते ऐकून मान खाली घालायची, पण घरी येऊन मला सांगायची.

ऐन दिवाळीत राज्य बदललं. मध्यभारत गेलं, मध्य प्रदेश आलं, राजधानी भोपाळ. आम्ही चकल्या तळत होतो, रेडिओवर सांगितलं. भय्यासाहेब म्हणाले, "माझ्या हयातीतलं हे तिसरं सरकार," आणि अजून एक चकली मागितली.

भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी पत्र आलं. ओसरीवर ह्यांनी मोठ्यानं वाचलं. राज्यांच्या पुनर्रचनेमुळे स्पर्धा रद्द. समिती विसर्जित. सहकार्याबद्दल आभार. खाली मुळ्यांची सही, आणि त्यांची बदली जबलपूरला झाल्याचं टपालवाल्यानं सांगितलं, ते निघूनही गेले होते.

जयू आत गेली. खाकी सलवार दोरीवर वाळत होती, ती काढून तिनं घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी घातली. मला तर बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाजही.

"नाथूला सांगते," मी ओसरीवर येऊन म्हटलं. "उद्याच वखर घालू दे. अजून वेळ आहे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पेरलं तरी गहू हाती लागेल."

"सुपारी देवघरात आहे, सूनबाई," भय्यासाहेब म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

"अहो, स्पर्धाच नाही तर सुपारी कसली?"

"काम झालं नाही. मागणारा परत न्यायला आला नाही. पत्रानं शब्द सुटत नाही." ते शांतपणे बोलत होते, त्याचाच मला जास्त राग. "माझ्या आजोबांनी एका अंमलदाराला घोड्यांच्या चराईसाठी माळ दिला होता. तो अंमलदार लढाईवर गेला तो चार वर्षांनी आला. चार वर्षं माळ तसाच राहिला."

"त्यांच्याकडे दुसरे माळ असतील," मी म्हटलं. "आमच्याकडे हेच आहे."

ह्यांनी जबलपूरला मुळ्यांना लिहिलं, उत्तर नाही. भोपाळला लिहिलं. तिथून मात्र लगेच छापील कागद आला, उक्त नाम की कोई समिति इस राज्य में विद्यमान नहीं है. भय्यासाहेबांनी तोही ऐकला. "जी समिती नाही, ती सुपारी परत कशी नेणार?" एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा थोडं थकलेपण आलं. त्यांनाही गहू खायचाच होता. पण एकदा शब्द दिला तो दिला.

इकडे शेजारच्या रानांत गहू बोटभर वर आला. नदीवर कार्तिकाच्या मेळ्याचे झुले लागायला लागले. नाथू रोज सकाळी येऊन बांधावर बसायचा, रानातली माती चिमटीत घेऊन चोळायचा आणि उडवून द्यायचा. "ऊपर-ऊपर तो सूख गई बाईसाब. पाँच-छह दिन और. फिर बीज मत बिगाड़ना." मी रोज कोठीत हात घालून बघायची. हात दर वेळी जरा जास्त खोल जायचा.

शेवटी एका दुपारी मी भय्यासाहेबांसमोर जाऊन बसले. खाली नाही, समोरच्या बाकावर बसले. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, त्यांच्यासमोर बाकावर कधी बसले नव्हते.

"काम झालं की शब्द सुटतो, बरोबर?"

"बरोबर."

"मग स्पर्धा घेऊ."

"अखिल भारतीय म्हणून दिलंय, सूनबाई. शाळेतल्या चार पोरी पळवून होत नाही."

"माधवनगरात अख्खा भारत राहतो," मी म्हटलं. "सिंधी कॉलनीत सिंधी. रेल्वे क्वार्टरमध्ये बंगाली टीसी आहे, मद्रासी गार्ड आहे. लाकडाच्या वखारीवाला पंजाबी. सगळ्यांच्या पोरी शाळेत जातात. मागणाऱ्यानं पळणारे कुठून यावेत हे सांगितलं नव्हतं. सगळ्या प्रांतांचे असावेत एवढंच म्हणाला होता. मी दारात होते, मी ऐकलंय."

भय्यासाहेबांनी घड्याळाची साखळी बोटाला गुंडाळली. "रीतसर होईल?" त्यांनी विचारलं.

"हे शिट्टी वाजवतील. घड्याळ तुमचं."

"मग होऊ दे."

ह्यांना घरोघर फिरावं लागलं. टीसीच्या बायकोनं आधी नाही म्हटलं, मग हो. पण खरी अडचण घरातच होती. जयू म्हणाली, "मला खोटी स्पर्धा नको, वहिनी. लोक हसतील. आधीच हसतात."

मी तिच्याजवळ बसले. "हे बघ, मी गोड बोलणार नाही. मला गहू पेरायचाय. तुला पळायचं होतं. आपलं दोघींचं एकाच जमिनीवर अडलंय. तू माझ्याबरोबर अठरा दिवस उकिडवी बसलीस. ते सारवण मी मोडणार आहे. कुणी एकदासुद्धा त्यावरून न पळता मोडायचं का?"

संध्याकाळी ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी आठ वाजता. धुकं उठलं होतं. बांधावर चाळीसएक माणसं, शाळेचे दोन मास्तर, केसर पोरांना घेऊन. पाच मुली. जयू, टीसीची, गार्डाची, वखारीवाल्याची, आणि सिंधी कॉलनीतली लच्छी. ही किडकिडीत, पायात काही नाही, रोज स्टेशनच्या नळावरून घरी पाणी वाहायची. ओढणी तिनं कमरेला बांधली होती.

हे मध्ये उभे राहिले. शिट्टी तोंडाशी नेली, मग खाली केली.

"एक बात," हे म्हणाले, मोठ्यानं, बांधापर्यंत ऐकू जाईल असं. "ये ट्रैक मेरी घरवाली ने लीपा है. मेरी बहन ने, और केसरबाई ने. मज़दूर नहीं लगाए थे."

लोकांना त्यात काय विशेष ते कळलं नाही. मला कळलं. मी पदर जरा पुढं ओढला.

शिट्टी झाली. पहिल्या वळणापर्यंत जयू पुढं होती. तिचं पळणं बघायला सुंदरच, ह्यांनी शिकवलेलं, हात असे, गुडघे तसे. समोरच्या लांब बाजूला लच्छी तिच्या बरोबरीला आली. लच्छी कशीही पळत होती, मान एका बाजूला, तोंड उघडं. शेवटच्या वळणावर माझ्या नकळत मी बांधावरून खाली उतरले. "जयू, कड धर," मी म्हणत होते, "कड धर." तिनं कड धरली. तरी लच्छी दोन हात पुढं निघून गेली.

जयू वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर हसत होती, श्वास पुरत नव्हता. "वहिनी, ही दिल्लीत पण जिंकली असती," ती म्हणाली. मग मात्र तिचे डोळे भरले आणि तिनं ते माझ्याच पदराला पुसले.

भय्यासाहेबांनी घड्याळ बंद केलं, घरात गेले आणि डोक्याला पगडी बांधून बाहेर आले. हातात पान, पानावर सुपारी. लच्छीसमोर उभे राहून त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढं केलं. "काम झालं. हे तुझं."

लच्छीनं सुपारीकडे बघितलं, भय्यासाहेबांकडे बघितलं, आणि ती सुपारी उचलून तोंडात टाकली.

सुपारी तीन महिन्यांची, दगड झालेली. ती गालात धरून लच्छी उभी राहिली, थुंकावी की ठेवावी तिला कळेना. भय्यासाहेबांच्या मिशा हलल्या. मी त्यांना असं हसताना राज गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"नाथू," ते म्हणाले, "जुंप."

त्याच दुपारी वखर घातला. रुळानं दाबलेली जमीन वरून कोरडी, वखराचं पातं आत शिरेना. नाथू वखरावर उभा राहून दाब द्यायचा, मी आणि केसर ढेकळं फोडायचो. संध्याकाळी पिवळ्या वळणावर आलो. मला ते मोडताना बघवेना म्हणून मी पाठ केली. मागून नाथूची हाक आली. सारवणाचा पापुद्रा उलटला होता आणि तो खाली बसून मातीत हात खुपसून होता.

"बाईसाब, इधर आओ. यहाँ तो पूरी नमी बैठी है."

मी हात घातला. गार. चिकट. सगळं रान वाळलं, पण आमच्या सारवणाखाली चौमासा तसाच दबून राहिला होता. मी ती माती मुठीत दाबली आणि किती तरी वेळ सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी तिफण धरली. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, जयूची मूठ होती; तिफणीमागं चालत ती बी एकसारखं सोडत गेली. वळणावर ती सगळ्यांत हळू चालली. पौर्णिमेला पेरणी संपली.

गहू आला. सगळीकडे सारखा नाही, बाहेरच्या भागात विरळ, गुडघ्याएवढाच. कोठी काठोकाठ भरेल असं नव्हतं, पण उपाशी राहणार नव्हतो. वळणावर मात्र गर्द, कमरेएवढा. फाल्गुनात बाकीचं रान पिवळं पडलं तेव्हा ते वळण हिरवंच. रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून विचारायचे, ये क्या है. भय्यासाहेब सांगायचे, "अखिल भारतीय."

चैत्रात बाकीचं कापून झालं. शेवटी वळण कापायला घेतलं. मी, केसर आणि जयू विळे घेऊन तिसऱ्या बाजूला होतो तेव्हा एक तरुण बाबू सायकल हातात धरून बांधावर आला. नवा कोट, बगलेत फाईल.

"मास्टरसाब का घर यही है? भोपाल से आए हैं. वो जो छात्र स्पर्धा थी, अगले जाड़े में फिर से विचार है. ग्राउंड के बारे में पूछना था."

हे शाळेत होते. भय्यासाहेब चैत्राच्या जत्रेला गेले होते. जयू माझ्या मागं ताठ उभी राहिली. तिच्याकडे न बघताही मला कळलं, हातातला विळा तिनं खाली ठेवला होता.

मी कमरेवर हात ठेवून सरळ झाले. गुडघे बोलले. समोर उभं पीक होतं, आणि माझ्या कोठीचा तळ मला अजून आठवत होता.

"सुपारी लाए हो?" मी विचारलं.

"जी? सुपारी?" बाबू गोंधळला. "ये तो सरकारी काम है, बाई."

"देवास गेट पे मिलती है," मी म्हटलं. "ले आओ. और माँगनेवाला खुद आए, डाक से नहीं. जूते बाहर उतारकर."